पहिलं उघडणारं पान

बघणाऱ्याला ते हवामानाचं ॲप वाटे: ढग, ऊन, उद्याचं तापमान. कोपऱ्यातल्या सूर्यावर तीनदा टिचकी मारली, की मारहाणीची तक्रार नोंदवायचं पान उघडे. दोनशे बारा बायकांच्या फोनमध्ये ते होतं. त्यातली एक थोरलीची पाठची बहीण.

ॲप थोरलीनंच लिहिलेलं. ते उघडताच आधी कोणतं पान दाखवायचं, हे एका ओळीत ठरे. सकाळी चाचणी घेताना सारख्या टिचक्या मारायचा कंटाळा आला, म्हणून तिनं त्या ओळीत तक्रारीचं पान घातलं. दुपारी नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवली, ओळ तशीच राहिली.

सव्वातीनला धाकटीच्या नंबरावरून मेहुण्याचा आवाज आला.

"ताई, हवामान झकास सांगतं हो तुमचं ॲप! 'शेवटची मारहाण कधी झाली?' म्हणतंय. थांबा, आत्ताची वेळ टाकतो."

मागून धाकटी किंचाळली. चौकटीवर काहीतरी आदळलं. फोन त्यानं मुद्दाम चालू ठेवला.

शेजारच्या टेबलावरच्या डिझायनरनं पोलिसांना फोन लावला. "अगं, पळ ना! दोन गल्ल्या तर आहे घर!"

"अजून दोनशे अकरा घरं आहेत."

"मग मी करते!"

"पासवर्डचा कोड माझ्याच फोनवर येतो."

ओळ बदलायला दहा सेकंद लागले. पाठवायला सहा मिनिटं. थोरली खुर्चीत बसून ऐकत राहिली. पट्ट्याचा आवाज, भांडी पडल्याचा, मग पाचव्या मिनिटाला वाळकी फांदी मोडावी तसा. तिनं स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं. ढग दिसले. मग ती जी सुटली, ती जिन्यातच थांबली. तिथला अग्निशामक सिलिंडर तिनं उपसला.

मेहुण्यानं हसतच दार उघडलं. पहिला घाव तोंडावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी तिनं घातला.

धाकटी ओट्याखाली बसली होती. एक डोळा मिटलेला, डावा हात कोपराखाली उलटा वळलेला.

"एवढा वेळ?"

रस्त्यावर गर्दी होती, म्हणता आलं असतं.

"आधी ती ओळ बदलली. बाकीच्यांसाठी," थोरली म्हणाली. "सहा मिनिटं लागली."

"फोन चालू होता ना?"

"हो."

"ऐकत होतीस?"

"हो."

थोरलीनं उठवायला हात पुढे केला. धाकटीनं तो झटकला, आणि भिंतीला खांदा घासत, एकटीच उभी राहिली.