कुंपणाखालचं गवत

आमची आत्या दातांची डॉक्टर. दवाखाना घराच्याच मागच्या खोलीत, आणि दवाखान्याच्या खिडकीबाहेर तिची हिरवळ. खुर्चीत आडवं पडलेल्या माणसाला हिरवं काहीतरी दिसलं की तो कमी ओरडतो, असं तिचं म्हणणं. लग्नाचा विषय काढला की म्हणायची, "अक्कलदाढेसारखं असतं ते. आली तर दुखते, नाही आली तर काही अडत नाही." आम्ही हसायचो. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मात्र हसायचे नाहीत. ताई कधीतरी भलतंच काहीतरी करून बसणार, अशी त्यांना कायमची धास्ती.

मी दवाखान्यात आत्याच्या हाताखाली काम करते. हत्यारं उकळायची, कापूस पुढे करायचा, फारच घाबरलेल्या पेशंटचा हात धरायचा. त्यामुळे पुढचं सगळं मी खिडकीतून पाहिलंय, ऐकीव काही नाही.

शेजारच्या रिकाम्या घरात कात्रीकाका राहायला आले. चौकातलं सलून त्यांचं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी तिच्या संसारात लांब कुठेतरी. उंच, सडपातळ माणूस, हात सतत काहीतरी कापायला शिवशिवणारे. आल्या आल्या पहिल्याच सुट्टीच्या दिवशी त्यांनी गवत कापायचं यंत्र काढलं आणि मागची हिरवळ इतकी बारीक भादरली की जमिनीची टाळू दिसायला लागली. एकूण एक काडी झाडून, गोळा करून टाकून दिली. मग चार पावलं मागे सरकले, मान तिरकी केली आणि गिऱ्हाइकाला आरशात मानेमागचं दाखवावं तसं स्वतःलाच दाखवून खूश झाले.

आत्या खिडकीपाशी कपाळाला हात लावून उभी. "अगं, यांनी मुंडणच केलं!"

गवत पिवळं पडलं. काका घाबरले आणि रोज संध्याकाळी झारीने वरवर शिंपडायला लागले, केस कापण्याआधी फवारा मारतात तसं. पाणी वरच्या वर, त्यामुळे मुळंही वरच्या वर. मोकळी जागा आणि ऊन मिळाल्यावर तणाला काय, माहेरी आल्यासारखं झालं. पिवळी फुलं आली, ती पिकली, आणि वाऱ्यावर पांढऱ्या म्हाताऱ्या उडायला लागल्या. सगळ्या कुंपण ओलांडून आत्याकडे.

एक दिवस एका गृहस्थांची दाढ काढणं चाललं होतं. तेवढ्यात एक म्हातारी खिडकीतून तरंगत आली आणि त्यांच्या नाकावर बसली. ते शिंकले. आत्याने हातातलं हत्यार खाली ठेवलं, "तोंड उघडंच ठेवा, आले," म्हणाली आणि मास्क-हातमोज्यांसकट थेट कुंपणाशी.

"अहो शेजारी! तुमच्या म्हाताऱ्या सारख्या माझ्याकडे येतात!"

काका गोंधळले. "दात दुखत असतील हो. माझ्याकडे त्या फक्त केस रंगवायला येतात."

"त्या नाहीत! या!" आत्याने मुठीत पकडलेला पांढरा कापूस त्यांच्यासमोर फुंकला. तो नेमका त्यांच्या मिशीत अडकला. आत्या हसली. काका हसले. आत खुर्चीतले गृहस्थ तोंड उघडं ठेवूनच हसले, आणि मला त्यांचा हात सोडता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या दाढा उपटायचा जुना चिमटा घेऊन शेजारी गेली. आदल्या दिवशी तिने काकांना जमीन चांगली भिजवून ठेवायला सांगितलं होतं. ओल्या मातीत चिमटा खोल घातला, जरा हलवला, आणि तणाचं लांबलचक मूळ अख्खंच्या अख्खं वर आलं.

"अर्धं आत राहिलं ना, तर दुखणं परत येतं," ती म्हणाली.

"वा!" काका म्हणाले. एवढं मनापासून की आत्याने उगाचच आणखी एक उपटलं.

तिने त्यांना समजावलं, गवत उंच राहू द्या. उंच गवताची सावली पडली की तणाचं बी खाली रुजतच नाही. एका वेळी वरचा तिसरा हिस्साच कापा, त्याहून जास्त नाही. कापलेलं तिथेच पडू द्या, त्याचंच खत होतं.

"कापलेलं झाडायचं नाही?" काकांचा चेहरा पडला. "अहो, माझं सलून बंद पाडतील लोक."

"आणि पाणी रोज नको. क्वचित द्या, पण पोटभर. तेही पहाटे. रात्रभर ओलं राहिलं की बुरशी धरते."

काका सगळं ऐकत होते, पण नजर कुंपणापलीकडे आत्याच्या हिरवळीवर. "डॉक्टर, रागावू नका. तुमच्या गवताची टोकं तपकिरी का आहेत?"

आत्या वाकून बघायला लागली. वर्षानुवर्षं ती उन्हाला बोल लावत होती. काकांनी एक पातं खुडलं आणि डोळ्यांशी धरलं. "हे कापलेलं नाही, फाडलेलंय. तुमच्या यंत्राची पाती बोथट झालीत. अशा कात्रीने मी केस कापले तर माणूस खुर्चीतून पळून जाईल." आणि त्यांनी ती पाती सलूनमध्ये नेऊन अशी धार लावून आणली की पुढच्या कापणीला आत्याची हिरवळ मखमलीसारखी दिसायला लागली. आत्या दिवसभर पेशंटना उगीचच बाहेर बघायला लावत होती. "दिसतंय का? टोकं बघा, टोकं!" तोंडात कापूस भरलेली माणसं माना डोलवायची.

मग दोघांच्या अंगातच आलं. माती दबून दगड झाली म्हणून दोघं मिळून बागकामाच्या दातेरी काट्याने तिला भोकं पाडायला लागले. काकांनी रेडिओ बाहेर आणला. गाण्याच्या ठेक्यावर काटा खुपसायचा, वर उभं राहायचं, मागेपुढे डोलायचं आणि उडी मारून खाली. आत्या पन्नाशी कधीच ओलांडलेली बाई, पण त्या सकाळी ती काट्यावर उभी राहून गात होती आणि मी खिडकी लावून घेतली, कारण पेशंटसाठी भुलेचं औषध काढून ठेवत होते, ते हसण्याने सांडलं असतं.

उघड्या जागांवर नवं बी टाकलं. ते टिपायला पक्षी आले. काकांनी सलूनमधली, केस कापायच्या सरावाची प्लास्टिकची डोकी आणली, गळ्यापर्यंतची, केसांची, हसऱ्या ओठांची. आखूड खुंट्यांवर, अगदी गवताला टेकवून बसवली. पक्षी पळाले. एक आजीबाईही खुर्चीतून उठून पळाल्या. नंतर गावभर सांगत सुटल्या की दाताच्या डॉक्टरीण बाईंनी पेशंट पुरलेत, गळ्यापर्यंत.

बाबा धावत आले. "ताई, हे काय चाललंय? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मी रोज ऐकते," आत्या म्हणाली. "आ, आ, एवढंच म्हणतात."

तेवढ्यात पलीकडे काकांचा पाय पाण्याच्या पाइपमध्ये अडकला आणि ते पडता पडता वाचले. आत्या ओरडली, "अहो, सांभाळून!"

बाबांनी चमकून दोघांकडे पाहिलं. कारण 'अहो' दोन प्रकारचं असतं. एक पोस्टमनला मारलेल्या हाकेतलं, आणि दुसरं... हे दुसरं होतं. खुर्चीतल्या बाईंनीही ते ओळखलं आणि माझा हात दाबला. काका पाइपमध्ये पाय तसाच अडकवून उभे, कानांपर्यंत लाल. बाबा मटकन पायरीवर बसले.

"ताई, या वयात?"

"अरे, बी पेरताना वय विचारतं का कोणी? माती बघतात!" असं म्हणून आत्या स्वतःच लाजली आणि आत येऊन चुकून चांगल्याच दाताला हात घालणार होती, बरं झालं, मी तिला थांबवलं.

काही दिवसांनी दोन्ही हिरवळी दाट झाल्या. एकच जागा ऐकेना, ती कुंपणाखालची. तिथे यंत्र पोचत नव्हतं, कात्री अडकत होती, आणि तण खुशाल दोन्हीकडे पाय पसरत होतं. दोघं दोन बाजूंनी गुडघ्यांवर बसून उपटत होते. फळ्यांच्या फटीतून बोलणं चाललं होतं.

"कुंपण काढलं तर?" काका म्हणाले.

"तर हिरवळ एकच होईल."

"एकच होईल," काका म्हणाले. "मग दोन यंत्रं कशाला?"

"एक पुरेल. झारीही एकच."

"आणि चहाचं भांडं?"

आत्या उपटलेलं तण हातात तसंच धरून बसली. मला वाटलं, आता हिला भूल चढली. मग तिने फटीतून हात पलीकडे घातला, चिमट्यासकट. "भांडं मोठं घ्यावं लागेल. मी दोन कप पिते."

मी खिडकीतच किंचाळले. पेशंटने चूळ भरलेलं पाणी माझ्या अंगावर उडवलं, पण तोही टाळ्या वाजवत होता.

बाबा समजूत घालायला म्हणून आले. कुंपण निघतच होतं. शेवटचा खांब काही केल्या हलेना, काका आणि आत्या दोघंही त्याला लोंबकळत होते. "असा नाही निघत तो!" बाबा वैतागून म्हणाले, बाह्या सरसावल्या, आधी इकडे हलवला, मग तिकडे, आणि समजूत घालायचं राहून गेलं. खांब हातात घेऊन ते असे काही खूश होते की आईने त्यांचा फोटो काढला.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं आणि चहाफराळ हिरवळीवर. पण कुंपणाच्या जागी नुकतंच बी टाकलं होतं. कोवळे हिरवे तुरे मातीतून जेमतेम डोकावत होते, आणि आत्याने हातात माइक घेऊन जाहीर केलं, "त्या पट्ट्यावर कोणीही पाय ठेवायचा नाही! पलीकडे जायचं असेल त्याने उडी मारायची!"

चहा एका बाजूला, खाणं दुसऱ्या बाजूला. मग काय विचारता! सलूनमधल्या केस रंगवलेल्या बायका साड्या सावरून उडी मारत होत्या. कवळीवाले आजोबा आधी कवळी काढून खिशात टाकत आणि मग झेप घेत. काकांची मुलगी खास आली होती, तिने उडी मारून थेट आत्याच्या गळ्याला मिठी मारली. शेवटी बाबांची पाळी आली. हातात भरलेली बशी. लांबून धावत आले, हवेत गेले, एक बूट मागे उडाला, दुसरा पुढे, आणि बशी जशीच्या तशी धरून ते पलीकडे, उंच, मऊ गवतात बसकण मारून उतरले.

"लागलं का रे?" आत्या धावली.

"नाही गं ताई," बाबा गवतावर हात फिरवत म्हणाले, "काय दाट आहे हे! परत एकदा उडी मारू?"