तीस माणसांचा नियम

आमचं गाव नियम मोडत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये.

बाबा गेले ते हृदयविकारानं, पण गेले साथीच्या ऐन भरात, जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या कडाक्याच्या थंडीत. अंत्यविधीला तीसच माणसं, असा सरकारी हुकूम होता. गावप्रमुख मुतेरोकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. त्यांनी फाटकाला दोरी बांधली, बादली आणि साबण ठेवला आणि एकतिसावा म्हणून स्वतःच्या मेव्हण्यालाच परत पाठवलं. मिशनच्या इस्पितळात मी एकटी डॉक्टर. गाव आपलं ऐकतंय असं मला पहिल्यांदाच वाटलं. बाबांना पुरलं आणि मी कामावर परतले. निघताना आईला बजावलं, कुणाच्या हातात हात द्यायचा नाही.

इस्पितळात ऑक्सिजनची नळकांडी या खाटेकडून त्या खाटेकडे फिरत होती. पुढच्या रविवारी घरी आले, तर अंगणात चूल पेटलेली आणि आंब्याखाली माणसं खोळंबून बसलेली. स्वयंपाकाच्या झोपडीत आई चटईवर होती, भोवती बायकांची दाटी. एक पुढे सरकायची, गुडघे टेकायची, आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घ्यायची. मग दुसरी. हरारेहून आलेली एक मावशी मधेच रडत होती, मधेच खोकत होती.

"काका, हे काय चाललंय?"

"तीसच आहेत आत. मोजून घे हवं तर," काका म्हणाले. "हे निघाले की पुढचे तीस. सगळे एकदम येऊ नका, असं तूच म्हणालीस ना? रोज चाललंय. एकदाही एकतिसावा आत सोडला नाही मी."

त्यांच्या आवाजात अभिमान होता. एका दिवसात आटोपलं असतं, ते यांनी आठवडाभर पुरवून पुरवून चालवलं होतं.

"हात धरायलाच हवेत का? लांबून हलक्या टाळ्या वाजवून दुःख कळवा की, तीही आपलीच रीत आहे."

"लांबून? म्हणजे उद्या लोक म्हणणार, याच्या मनात काळंबेरं होतं म्हणून हात धरला नाही. यानंच करणी केली. ती कुजबुज तुझ्या औषधानं थांबत नाही, पोरी."

मी दारात उभी राहिले. येणाऱ्या बायकांना म्हटलं, आईचे नको, माझे हात धरा. त्यांनी माझे धरले, मायेनं धरले, आणि आत जाऊन आईचेही धरले. लेकीचं सांत्वन वेगळं, विधवेचं वेगळं.

"माझ्याबरोबर इस्पितळात चल," मी आईला म्हणाले.

"आणि माणसं आली की रिकामी चटई बघतील? तुझ्या बाबांना चोरासारखं पुरलं, फारिसाई. गाव नव्हतं त्यांच्यामागे. आता ते थोडं थोडं करून येतंय, त्याला मी दार लावू?"

मला तिचा भयंकर राग आला. तिचं म्हणणं मला कळत होतं, म्हणून जास्तच आला.

काही दिवसांनी तिला बैलगाडीतून इस्पितळात आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. नळकांडं तिच्या खाटेपर्यंत पोचलं, पण त्यात फारसं काही उरलं नव्हतं. शेवटपर्यंत तिचा हात मी धरला होता, हातमोजा घालून.

तिला पुरल्यावर मुतेरोकाका माझ्याकडे आले. तोंडावर मास्क नीट लावलेला, डोळे रडून सुजलेले.

"तुझं म्हणणं आम्हाला पटलंय आता," ते म्हणाले. "या वेळी चूक होणार नाही. तीस नाहीत, पंधरा-पंधराच येतील. दुप्पट दिवस लागले तरी चालेल."

बायकांनी आईच्या जागी माझ्यासाठी चटई अंथरली होती. पहिली बाई फाटकापाशी थांबली. बादलीतल्या पाण्यानं तिनं हात धुतले, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, मी गावाला शिकवलं होतं तसे. मग ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. या सगळ्या माणसांना हाकलून द्यावं असं मला वाटत होतं.

मी दोन्ही हात पुढे केले.