अप्पांनी पुरा केलेला नकाशा

भवानी पेठेत अक्षताच्या घराच्या माळ्यावर दर रविवारी राक्षस मारले जायचे. नकाशावरच्या चौकटींतून आपापली सोंगटी पुढे सरकवायची, फासे टाकायचे आणि खेळ चालवणारा जे संकट सांगेल त्याला तोंड द्यायचं, असा तो खेळ. चालवायचा राजशेखर. त्याला परगावी नोकरी लागली आणि सूत्रं अक्षताकडे आली. खेळणारे दोघं, धम्मप्रिया आणि दिपक, स्पष्टच बोलले होते, "या रविवारी रंगला तर चालू ठेवू, नायतर बंद." अक्षताला त्या रविवारांचा भारी लळा.

मग तिनं कंबर कसली. वडलांच्या ठेवणीतला मोठा ग्राफपेपर मागून घेतला आणि डाव्या अंगाला किल्ला काढला: दरवाजा, विहीर, खजिना, खजिन्याच्या तोंडाशी राक्षस. उजवीकडे नदी आणि जंगल यायचं होतं. शाई वाळेपर्यंत ती फरसाण आणायला गेली.

तिचे वडील, शिवपुत्र अप्पा, म्हणजे उभा जन्म चादरींची डिझाइनं काढलेला माणूस. चादरीचं फूल ग्राफवर आधी अर्धंच काढतात. उरलेलं तेच, आरशात दिसावं तसं उलटं. लेकीचा अर्धा कागद बघून अप्पांचे हात शिवशिवले.

अक्षता परत आली तर दोन दरवाजे, दोन विहिरी, दोन राक्षस! एक रेघ इकडची तिकडं नव्हती.

"अप्पा, हे काय केलात?"

"पुरं केलो की! अर्धं टाकून कुटं गेलतीस?"

तिला रडूच फुटणार होतं, पण म्हातारा इतका खूश होता की रागवायचं तरी कसं? तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

दिपकनं बसल्या बसल्या विचारलं, "दोन राक्षस? यातला खरा कुठला बे?"

तिला तरी कुठं ठाऊक होतं! तोंडाला येईल ते ती बोलून गेली. "एक खरा, दुसरा त्याचं प्रतिबिंब. प्रतिबिंबाला मारलात, तर वार तुम्हालाच लागंल."

"आणि प्रतिबिंब कोण खेळणार?" धम्मप्रिया म्हणाली.

अक्षतानं अप्पांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

अप्पांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण उलटं कसं करायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. अक्षताचा राक्षस डावीकडं सरकला की अप्पांचा उजवीकडं, तितक्याच चौकटी. ती गुरगुरली की तेही गुरगुरायचे, वर दात विचकायचे. दिपकनं नको त्याच राक्षसावर तलवार चालवली, स्वतःच घायाळ झाला आणि हसता हसता त्याला उचकी लागली. खरा राक्षस कसाबसा पडला तेव्हा चौघांचे घसे बसले होते.

खेळ चालू ठेवायचा की नाही, हे कुणी विचारलंच नाही. धम्मप्रिया सोंगट्या गोळा करत म्हणाली, "पुढच्या रविवारी जंगल घेऊ. अक्षता, तू अर्धंच काढ हं. बाकीचं अप्पा बघतील."

अक्षतानं लगेच कोरा ग्राफपेपर अप्पांपुढं पसरला. अप्पांनी चष्मा पुसला आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "किती रंगात पायजे?"