मडमेचे वाडगे

भावकू आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता. फार सज्जन होता असं नव्हे. त्याला ते जमतच नसे. म्हणूनच जे एक खोटं झोकात जमून गेलं, ते निस्तरताना त्याच्या नाकी नऊ आले.

तो कंग्राळीचा. रोज चालत बेळगावच्या कॅम्पात जायचा आणि एका गोऱ्या साहेबाची बाग राखायचा. सत्तेचाळीस साली उन्हाळा सरता सरता साहेबानं चंबूगबाळं आवरलं. खानसाम्याला खुर्च्या मिळाल्या, धोब्याला सायकल मिळाली, आणि भावकूच्या पदरात पडला टोबी. टोबी म्हणजे तपकिरी रंगाचं, लांब लोंबत्या कानांचं साहेबाचं लाडकं कुत्रं. त्याच्याबरोबर निळ्या काठाचे चिनी मातीचे दोन जड वाडगेही आले. बसका खाण्यासाठी, उंच पाण्यासाठी. दोन्ही बुडाशी रुंद नि तोंडाशी अरुंद. साहेबानं खुणा करून समजावलं होतं, की ह्यात तोंड घातलं तरी कान बाहेर राहतात. कान भिजले की सडतात, भांडं बदलू नकोस.

शेवटची एक रात्र साहेबाला टोबी स्वतःजवळ हवा होता. म्हणून त्या संध्याकाळी भावकूनं नुसते वाडगेच घरी आणले. घात झाला तो इथंच.

त्याची बायको जयाबाई दारातच उभी होती. दर वर्षी भात झोडलं की नव्या तांदळाचे पोहे स्वतः कांडून ती साहेबाच्या मडमेला धाडायची. बदल्यात भावकू फक्त एक 'थँक्यू' घेऊन यायचा. "थँक्यूनं चूल पेटत न्हाय," असं ती म्हणायची, पण पुढच्या वर्षी पुन्हा उखळापाशी बसायचीच. आज तिनं वाडगे पाहिले, हात पदराला पुसले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मडमेनं दिलं?"

तिचं तोंड असं उजळलेलं भावकूनं लग्नानंतर क्वचितच पाहिलं होतं. "व्हय," तो म्हणाला. "तुझ्यासाठनं."

दुसऱ्या दिवशी तो टोबीला घेऊन आला, तोवर वाडगे फळीवर चढले होते आणि निम्मी गल्ली ते बघून गेली होती. आता ते खाली काढायचे कसे? भावकूनं कुत्र्यापुढं मातीचं पसरट परळ ठेवलं. टोबी आंबील प्यायला की दोन्ही कान आंबिलीत. घमेलं ठेवलं, तर ते कलंडलं आणि कान चिखलात. गोठ्यातली दगडी डोण दाखवली, तर तिच्यात कुत्रं अर्धं बुडालं. कानांना मुंग्या लागल्या, मग माशा. पाऊस धरल्यावर कान चिघळले, आणि टोबी सारखी मान झाडत कण्हू लागला.

भावकू कडुलिंबाच्या पाण्यानं त्याचे कान धुवायचा आणि चोरून फळीकडं बघायचा. एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द बोलला की जयाबाईच्या तोंडावरचा तो उजेड जाणार. त्याला बायकोची भीती वाटत नव्हती, तिची दया येत होती, आणि कुत्र्यापुढं मान वर करायची लाज वाटत होती. माणूस असा दोन्हीकडून अडकला की गप्प बसतो. तोही बसला.

दसरा झाल्यावर खानापूरचे परशराम पाटील लेकासाठी मुलगी बघायला आले. मुलगी म्हणजे भावकूची एकुलती एक बाळाबाई. पोरगी पसंत पडली. शेवयांची खीर वाढायची वेळ आली, तशी जयाबाईनं फळीकडं हात नेला.

"अगं, काशाच्या वाट्या हायेत की," भावकू घाईघाईनं म्हणाला.

"त्या तर समद्यांच्याच घरात हायेत," ती म्हणाली. "मडमेचं भांडं कुणाकडं हाय?"

बसक्या वाडग्यात पाहुण्यांना खीर आली. आणि घरधन्याचा मान म्हणून उंच वाडग्यात भावकूला. कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यातली खीर तो खाली मान घालून गिळू लागला. केलेल्या कर्माची फळं इतकी गोड क्वचितच मिळतात.

परशरामांनी वाडगा तोंडाला लावला. काठ आत वळलेला, खीर येईचना. त्यांनी तो जरा जास्त वाकडा केला, तशी ती एकदम आली आणि मिशा माखून गेल्या. "इंग्रज लई हुशार म्हणत्यात," मिशा पुसत ते म्हणाले, "पर ह्यातनं खात हुता कसा, त्योच जाणं!"

एवढ्यात टोबी आला आणि त्यांच्यापुढं शिस्तीत बसला. डोळे वाडग्यावर. जयाबाई त्याला हाकलायला उठली, पण पाहुण्यांनी हात आडवा केला. त्यांचं कुलदैवत खंडोबा. जेवताना समोर आलेलं कुत्रं त्यांच्या घरात कुणी परतवत नसे.

"देवाचं जनावर हाय. त्याचा घास त्याला द्यायचा," असं म्हणत त्यांनी उरलेल्या खिरीचा वाडगा सरळ जमिनीवर ठेवला.

"अवो पावणं, त्यात नगं!" जयाबाई ओरडली. पण तोवर टोबीचं तोंड आत गेलं होतं. आणि त्याचे दोन्ही कान काठाच्या दोन बाजूंना बाहेर पडले, कोरडे. भांडं त्याच्याच मापानं घडवलं होतं.

"बघा, मला जमंना, त्याला जमलं!" परशराम मांडीवर थाप मारून हसले. "खंडोबानं घास घेतला. सोयरीक पक्की समजा, भावकूआप्पा."

भावकूही हसला. जयाबाई हसली नाही. ती कुत्र्याच्या कानांकडं बघत होती.

पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवून भावकू परतला, तेव्हा ती अंगणात बसून राखेनं दोन्ही वाडगे घासत होती.

"मडमेनं मला काय बी दिलं न्हवतं," ती म्हणाली.

"न्हाय," भावकू म्हणाला.

"माझं पोहं तरी खात हुती का?"

इथं एक खोटं बोलून चालण्यासारखं होतं, पण भावकूकडचं खोटं संपलं होतं. "टोब्या खायाचा," तो म्हणाला. "दुधात भिजवून घालायची त्याला."

जयाबाईनं दोन्ही वाडगे विसळले. मग उठली, आत जाऊन मडक्यातले मूठभर पोहे घेऊन आली, बसक्या वाडग्यात टाकून तिनं वर दूध ओतलं. उंच वाडग्यात पाणी भरलं. पोह्यांचा वाडगा अजून तिच्या हातात होता, तोच टोबीला वास लागला आणि तो शेपूट हलवत, कुईकुई करत तिच्या पायांत घुटमळायला लागला. ती एवढी वर्षं पोहे कांडत होती, पण त्यासाठी कुणाला इतकं आनंदलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"वळखलंस व्हय रं," ती म्हणाली, आणि वाडगा त्याच्यापुढं ठेवून पदरानं त्याचे कान पुसू लागली.