डेरीजवळचं वळण

दुपारी पाऊणलाच आनलोरची सायकल शर्यत संपली होती, आणि तेव्हापासून ती संघाच्या बसच्या पायरीवर बसून दुसऱ्यांच्या वेळा ऐकत होती.

आज एकेकटीने घड्याळाविरुद्ध पळायचं होतं. बावीस किलोमीटर, कालव्याच्या काठाने, सगळं सपाट. आठवडाभराच्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज करून जी मागे ती आधी सुटते, जी पुढे ती शेवटी. आनलोर बेरजेत एकशे चौथी होती. सदतिसावं वर्ष, चौदावा हंगाम. उद्याचा शेवटचा टप्पा झाला की सायकल कायमची भिंतीला टांगायची, हे ठरलेलं.

"आज जोर लावू नकोस," संघाचे प्रमुख लुक सकाळी म्हणाले होते. "उद्या आपल्या फेबेच्या पुढे राहून दिवसभर वारा अंगावर घ्यायचाय तुला. पाय राखून ठेव. साडेपस्तीस मिनिटांत आलीस तरी पुष्कळ झालं."

पहिल्या येणारीच्या सव्वापट वेळेत पोचायचं, नाहीतर नाव कापलं जातं, पुढच्या टप्प्यात सुटता येत नाही, हा नियम. सकाळी समुद्राकडून असा वारा सुटला होता की एकोणतीस मिनिटांच्या आत कुणी येईल असं वाटत नव्हतं. आनलोर पस्तीस मिनिटं वीस सेकंदांत आली. चौदा वर्षं ती हेच करत आली होती, सांगितलं तेवढं.

दोन वाजता वारा पडला.

एक जण एकोणतिसाच्या आत आली, मग दुसरी. तीनच्या सुमारास कुणीतरी अठ्ठावीस मिनिटं तीस सेकंद लावले. आनलोरने पाठीवरचा नंबर काढला आणि त्याच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडला. कुणी अठ्ठावीस सोळाच्या आत आलं, की आपण बाहेर.

एरवी तिने खांदे उडवले असते. पण उद्याची शर्यत आल्व्हरिंगेममधून, तिच्या आईच्या दारावरून जाणार होती. चौदा वर्षांत पहिल्यांदा. ज्या गावातून शर्यत जाते त्या गावच्या मुलीला बाकीच्या जणी पुढे सोडतात. ती दारात थांबते, घरच्यांचे मुके घेते, आणि घोळका आला की पुन्हा त्यात शिरते. दुसऱ्यांच्या गावांत आनलोरने अशी वाट कितीदा दिली होती. आई आठवडाभर शेजाऱ्यांकडून खुर्च्या गोळा करत होती.

"म्हातारे, इकडे ये जरा."

फेबे बसशेजारी जागेवरच पायडल मारत पाय तापवत होती. तेवीस वर्षांची पोर, बेरजेत नऊ सेकंदांनी पहिली, म्हणून आज सगळ्यांच्या शेवटी सुटणार.

"तुझ्याच गावाकडचा रस्ता ना हा? त्या बंद डेरीपाशी उजवं वळण आहे बघ. सगळ्या तिथे ब्रेक दाबताहेत. दाबायलाच पाहिजे का?"

लहानपणी हँडलला दुधाचे कॅन अडकवून आनलोर त्याच वळणाने रोज जायची. ब्रेक न दाबता कसं जायचं ते तिला ठाऊक होतं. चार सेकंद वाचतात तिथे. दाब म्हटलं असतं तर कुणी दोष दिला नसता. कदाचित फेबे तरीही जिंकली असती.

"काय गं, झोपलीस काय?"

फेबे हसत होती, पण पायडल मारायची थांबली होती.

"दाबू नकोस," आनलोर म्हणाली. "गटाराचं लोखंडी झाकण दिसेल. त्याच्या डावीकडून घे. रस्ता भीती घालतो, पण तो आतल्या बाजूला कललाय, तोच ओढून घेतो. मान खाली घाल आणि सोड."

"नक्की?"

"पडलीस तर माझ्या नावाने बोंब मार."

ती बसमध्ये जाऊन टीव्हीपुढे बसली. डेरी आली, झाकण आलं. फेबेची बोटं ब्रेककडे गेलीच नाहीत.

अठ्ठावीस मिनिटं चौदा सेकंद.

लुक बसमध्ये आले तेव्हा त्यांच्या हातात निकालाचा कागद होता, आणि तो ते दुमडत होते, उलगडत होते.

"अडीच सेकंदांनी बाहेर गेलीस, पोरी. मी पंचांशी बोलतो. वारा पडला हे त्यांनीही पाहिलंय."

"ऐकायचे नाहीत ते. जाऊ नका."

"साडेपस्तीस मीच म्हटलं होतं."

"हो. तुम्हीच."

तेवढ्यात फेबे धावत आली, घामाने निथळलेली, आणि तिच्या गळ्यातच पडली. "म्हातारे, ते झाकण! तुझ्या आईला उद्या मीसुद्धा मुका देणार!"

"दे की. मी तिच्या शेजारीच असेन. खुर्चीवर."

फेबे हसली. मग तिने लुककडे पाहिलं, आणि हळूहळू तिचे हात खाली आले.

"मग तू मला सांगितलंस कशाला?"

"विचारलंस म्हणून. जा, अंग पूस, गारठशील."

संध्याकाळी आनलोर सरावाच्या सायकलवर घरी निघाली. बारा किलोमीटर. मांड्या चांगल्या ताज्या होत्या, दिवसभर राखलेल्या. बाकीचं शरीर मात्र पोतं ओढावं तसं ओढावं लागत होतं. डेरीच्या वळणावर तिने दोन्ही ब्रेक दाबले आणि बाजाराला निघालेल्या बाईसारखी सावकाश वळली.

घरापुढे नऊ खुर्च्या मांडून झाल्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून. आई फडक्याने शेवटची पुसत होती.

"तू उद्या येणार होतीस ना गं?"

"आजच आले."

आईने तिच्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं, आणि पुसलेली खुर्ची पुढे सरकवली.

"बस जरा. मग बटाटे सोलायचेत. वीस माणसं येतील उद्या."