टाचण्यांमागचं अंहं

तोंडात टाचण्या असल्या की टाचणीमावशीला जगातलं प्रत्येक मत पटतं, अशी तिच्या गिऱ्हाइकांची ठाम समजूत होती. आणि टाचण्या तर दिवसाचे आठ तास तिच्या तोंडातच. कोपऱ्यावरच्या त्या चिंचोळ्या दुकानात ती बावीस वर्षं लोकांचे कपडे बेतत, टाचत आणि शिवत आली होती. गिऱ्हाईक आरशासमोरच्या लाकडी ठोकळ्यावर उभं राहायचं आणि ही गुडघे टेकून खालचा घेर टाचायची. हललं की घेर वाकडा, त्यामुळे हलायला सक्त मनाई. आणि माणसाला दहा मिनिटं हलू दिलं नाही की त्याला सरकारबद्दल काहीतरी बोलावंसं वाटतंच, हा मावशीचा अनुभव होता.

मग कुणी करवाढीवर बोलायचं, कुणी शाळांवर, तर कुणी दूरच्या कुठल्याशा देशातल्या निवडणुकीवर इतक्या तावातावानं बोलायचं की जणू तिथला उमेदवार ह्यांचा सख्खा मेहुणा. मावशी म्हणायची, "हं." गिऱ्हाईक खूश. "बघा, तुम्हाला कळतं! घरी माझं कुणी ऐकत नाही." पाठोपाठ नेमक्या उलट मताचं गिऱ्हाईक ठोकळ्यावर चढायचं. मावशी त्यालाही "हं" म्हणायची आणि तेही खूश होऊन उतरायचं.

खरी गोष्ट अशी, की त्यातले निम्मे 'हं' हे 'हं' नव्हतेच. मावशीला मतं होती, चांगली खणखणीत होती, आणि पटलं नाही की ती चोख 'अंहं' म्हणायची. पण ओठांत सात-आठ टाचण्या धरल्या की तो पहिला 'अं' त्यांच्यामागेच अडकतो आणि बाहेर पडतं ते नुसतं 'हं'. मान हलवावी तर टाचणी इकडची तिकडे जाते, आणि वरून बघणाऱ्याला तिचा अंबाडाच तेवढा दिसतो. बोलायचंच झालं तर टाचण्या काढा, उशीत खोचा, बोला, पुन्हा एकेक तोंडात धरा. तोवर गिऱ्हाईक पुढच्या विषयावर पोचलेलं. पहिली दोन-तीन वर्षं तिची ह्यावरून चिडचिड व्हायची. मग तिनं नाद सोडला आणि आपले नकार टाचण्यांमागे ठेवूनच दिवस काढायची सवय लावून घेतली.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ झाला तो भाचीच्या लग्नात.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची, ताईची, एकुलती एक लेक. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि मावशीच्या तोंडातल्या टाचण्यांवरून तिला सारखी रागवायची. पोरीचा पहिला फ्रॉक मावशीनं शिवला होता आणि हे लग्नही मावशीनंच जुळवलं होतं. म्हणजे जुळवलं कसं, तर इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मुलाची पँट गुडघ्यावर फाटली. ती शिवून होईपर्यंत मावशीनं त्याला पडद्यामागे बसवलं, आणि भाची डबा द्यायला आली तेव्हा सहज केल्यासारखा पडदा सरकवला. पोरगा टॉवेल गुंडाळून बसला होता. पुढे त्या दोघांना कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

लग्नाला अठरा दिवस उरले होते तेव्हा एका नव्या कायद्याचा प्रस्ताव बातम्यांत आला. मतदान सक्तीचं करायचं, आणि जो मत देणार नाही त्याचं नाव वर्षभर चौकातल्या फलकावर लावायचं. त्या संध्याकाळी दोन्हीकडची मंडळी ताईकडे जेवायला जमली होती आणि कुणा शहाण्यानं टीव्ही लावला. ताई म्हणाली, उत्तम कायदा आहे, नावं अजून मोठ्या अक्षरांत लावा. मुलाची आई, म्हणजे होऊ घातलेल्या विहीणबाई, ह्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या म्हणाल्या, माझं मत माझं आहे, ते द्यायचं की नाही हेही मीच ठरवणार. ताई म्हणाली, तुमच्यासारख्यांमुळेच सगळा देश मागे पडलाय. विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. त्या चमच्याचा आवाज मुलगा अजून विसरला नव्हता.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पण लग्नाचे कपडे दोघींचेही मावशीकडेच. पुढच्या सोमवारी विहीणबाई ठोकळ्यावर चढून स्वातंत्र्यावर बोलल्या. त्यांच्या कोटाची बाही टाचता टाचता मावशीनं सहा वेळा "हं" म्हटलं. मंगळवारी ताई चढली.

ताईनं आधी कायद्यावर भाषण ठोकलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, असल्या बाईच्या घरी पोर जायची म्हणजे माझ्या पोटात गोळाच येतो. मी म्हणते, लग्न सहा महिने पुढे ढकलावं. तोवर कायदाही होईल आणि बाईची खोडही मोडेल. ढकलू ना?"

मावशीच्या हातातला घेर सुटला. "अंहं!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. तोंडात अकरा टाचण्या होत्या.

"वाटलंच मला, तू हो म्हणशील," ताई म्हणाली. ती टुणकन खाली उतरली आणि अर्धवट टाचलेला झगा तसाच अंगावर ठेवून, वरून कोट चढवून दाराबाहेर पडली. मावशी टाचण्या तळहातावर थुंकून मागे धावली, पण जमिनीवर पसरलेल्या कापडात पाय अडकला आणि ती शिलाई मशीनच्या गळ्यात पडली. दारात पोचेपर्यंत ताई बसमध्ये चढून दिसेनाशीही झाली. फोन लावला तर तो रात्रीपर्यंत दुसऱ्या कुणाशी तरी चालूच.

बुधवारी सकाळी अकराला मावशी कुलूप काढतेय तोच भाची दारात उभी. डोळे सुजलेले.

"मावशी, आई लग्नाचं सभागृह सोडतेय. तिथल्या लोकांना आज बारापर्यंत नक्की सांगायचंय. म्हणते, लग्न पुढे ढकललं, मावशीलाही पटलंय. तू हो म्हणालीस?"

"मी अंहं म्हणाले!"

"तोंडात टाचण्या होत्या?"

मावशी कुलपात किल्ली फिरवत राहिली.

"किती?"

"अकरा."

भाचीनं कपाळाला हात लावला. "आम्ही दोघं जाऊन सह्या करू शकतो गं. आम्हाला कोण अडवणार? पण आई समोर नसताना मला लग्न नाही करायचं. त्यालाही त्याची आई हवी आहे. आणि त्या दोघी एका खोलीत बसायला तयार नाहीत."

इतक्या वर्षांत मावशीच्या 'हं'नं कुणाचं काही बिघडलं नव्हतं, आणि बिघडलं ते नेमकं ह्या पोरीचं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. "थांब, दोघींना बोलावून घेते," ती म्हणाली.

बोलवायची गरज पडली नाही. लग्न पुढे ढकलायला मावशीचा पाठिंबा आहे हे मुलाकडून कळताच विहीणबाई जाब विचारायला निघाल्या होत्या, आणि त्या निघाल्याचं कळताच ताईही. साडेअकराला दारावरची घंटा दणकन वाजली आणि दोघी एकदमच आत शिरल्या. म्हणजे शिरायला गेल्या. दार एका माणसापुरतं, आणि माघार घेणं दोघींनाही मंजूर नाही. ताईचं कोपर विहीणबाईंच्या पिशवीत अडकलं, विहीणबाईंच्या कोटाचं बटण ताईच्या शालीत. शेवटी भाचीनं दोघींना एकेका हातानं आत ओढलं.

"ह्यांनी सोमवारी मला स्वच्छ शब्दांत पाठिंबा दिलाय!" विहीणबाई म्हणाल्या.

"कोणत्या शब्दांत?" ताईनं विचारलं.

"हं, असं म्हणाल्या."

"मलाही हं म्हणाली!"

"मला सहा वेळा म्हणाल्या."

"मला एकदाच, पण केवढ्यांदा ओरडून!"

दोघी कमरेवर हात ठेवून मावशीकडे वळल्या. मावशीची घाबरगुंडी उडाली. घाबरली की तिचा हात आपोआप डबीकडे जायचा. कुणाच्या लक्षात यायच्या आत पाच टाचण्या तोंडात गेल्यासुद्धा.

भाचीनं हाताला लागली ती बटणांची वाटी रिकामी केली आणि मावशीच्या हनुवटीखाली धरली. "थुंक," ती म्हणाली. पेशंटला दवाखान्यात सांगते अगदी त्याच आवाजात.

मावशी थुंकली. पाच टाचण्या वाटीत टणटणल्या.

"आता सांगाच," विहीणबाई म्हणाल्या. "ह्या कायद्याबद्दल तुमचं मत काय?"

"माझं?"

"मग काय माझं?"

हा प्रश्न मावशीला आजवर कुणी विचारलाच नव्हता, म्हणजे उत्तरासाठी थांबून विचारला नव्हता. ती बोलायला लागली. "मला सक्ती नको आणि सूटही नको. माझं म्हणणं, जो आपलं मत चारचौघांत बोलून दाखवेल त्याचं मत बाद! गुप्त म्हणजे गुप्त. पेटीत टाकायचं आणि मुकाट घरी जायचं. चौकात नावं लावायचीच असतील तर बोलणाऱ्यांची लावा! आणि निवडून आलेल्याला लगेच पक्की शिलाई कशाला? सहा महिने कच्चा टाका घालायचा. अंगाला नीट बसला तर ठीक, नाहीतर उसवायचा!"

"काय?" ताई म्हणाली.

"काय?" विहीणबाई म्हणाल्या, त्याच क्षणी आणि त्याच पट्टीत.

"मग माणसांनी बोलायचंच नाही?"

"कुठेच नाही? घरात? बसमध्ये?"

"दुकानात तर अजिबात नाही," मावशी म्हणाली. आता तिला चेव आला होता.

"ही तर शुद्ध हुकूमशाही झाली!" विहीणबाई कडाडल्या.

"मी तेच म्हणतेय!" ताई ओरडली, आणि तावातावानं त्यांच्याच शेजारी बाकावर बसली. "आणि सहा महिन्यांनी उसवायचा? दर सहा महिन्यांनी निवडणूक? कारभार कोण करणार?"

"अगदी बरोबर! विचारा, विचारा त्यांना."

"असल्या बाईकडे मी बावीस वर्षं मन मोकळं करतेय!"

"आणि आपण दोघी ह्यांच्या भरवशावर भांडत होतो!" विहीणबाई म्हणाल्या.

भाचीनं मावशीला जोरात चिमटा काढला. "आपण म्हणाल्या," ती कुजबुजली. "ऐकलंस? आपण!"

मावशीनं ऐकलं होतं, पण तिला उसंत नव्हती. विहीणबाई तिला मोकळ्या चर्चेचे फायदे बोटांवर मोजून दाखवत होत्या आणि ताई त्यांची बोटं संपली की आपली पुढे करत होती. मावशी एकेक फायदा खोडून काढत होती. बाराला पाच कमी असताना भाचीनं फोन लावून आईच्या कानाला धरला. "आई, सभागृहवाले. सोडायचं का विचारतायत."

"काही सोडायचं नाही!" ताई फोनमध्ये गरजली. "तारीख तीच आणि वेळही तीच. आता फोन ठेवा, इथं महत्त्वाचं चाललंय."

भाची खाली बसली आणि झग्याच्या उरलेल्या कापडात तोंड खुपसून हसत सुटली. मावशीचा जीव भांड्यात पडला. पण खरं सांगायचं तर त्या घटकेला तिला लग्नापेक्षाही दुसऱ्याच गोष्टीचा आनंद झाला होता. कुणीतरी तिच्याशी भांडत होतं. बावीस वर्षं सगळे तिच्याकडून होकार घेऊन गेले होते आणि आज कुणीतरी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेऊन, लालबुंद होऊन, तिला चूक म्हणत होतं. तिला नाचावंसं वाटत होतं.

दीड वाजता घसे बसले तेव्हा ताईला घरून परत आणलेल्या झग्याची आठवण झाली. ती तो चढवून ठोकळ्यावर उभी राहिली, विहीणबाई घेर सरळ पडतोय का बघायला शेजारी आल्या, आणि मावशी चार टाचण्या तोंडात धरून गुडघ्यांवर बसली.

"म्हणजे एवढं समजावूनही तुझं मत तेच?" ताईनं वरून विचारलं.

"हं," मावशी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग विहीणबाई मावशीसमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी तळहात पुढे केला. "हे हं होतं की अंहं? काढा त्या टाचण्या आणि सांगा. आम्ही थांबतो."

ताई ठोकळ्यावर हलली नाही. मावशीनं एकेक टाचणी काढून त्या तळहातावर ठेवली, अजिबात घाई न करता.