वेढे किती?

झाडावरून लाकूड पाडणारे पुष्कळ, उतरवणारे थोडे. त्या थोड्यांत तीस वर्षं माझं, बन्सीचं, नाव होतं. आता माझ्या मुलीचं आहे. हे मी फुशारकीनंच सांगतोय. मोनाली सव्वीस वर्षांची. पुण्याला राहून झाडावर चढण्याचं रीतसर शिक्षण घेऊन आली. "पोरीची जात आणि झाडावर?" म्हणणाऱ्या आमच्या देवगाव रंगारीतल्या सगळ्यांची तोंडं मी बंद केली आहेत. काहींची जरा जोरात.

माझा गुडघा गेल्यापासून ती वर असते आणि मी खाली दोरावर. आधी मी वर असायचो आणि माझी बायको द्वारका खाली दोर धरायची. वीस वर्षं धरला तिनं. दोर धरायला काय अक्कल लागते, असं मी चारचौघांत म्हणायचो.

मार्चमध्ये शहरात सरिताताईंच्या हातमागाच्या कारखान्यातलं काम आलं. कारखाना म्हणजे कौलारू शेड. भिंतीला लागून चाळीस फुटी शिरीष, दोन वर्षांपूर्वी वाळलेला, आणि नेमका कौलांवर झुकलेला. खाली मागावर हिमरूची शाल चढलेली, चार महिन्यांचं विणकाम. माग हलवला की ताण्याचे उभे धागे बिघडतात, म्हणून तो हलवता येत नव्हता. एक ओंडका कौलांवर पडला असता तर शालही गेली असती आणि मागही.

मी गेल्या गेल्या हुकूम सोडला, "वरच्या बेचक्यातून दोर टाक, खाली बुंध्यालाच चार वेढे मार. झालं काम."

मोनालीनं बुंध्याला नख लावलं. सालीचा पापुद्रा गळून पडला. "आबा, मेलेलं झाड हाय. ह्या सालीवर दोर कधी घसरंल, कधी अडकंल, नेम नाय. लाकूड कसं उतरणार ते आधी ठाऊक पायजे."

म्हणून तिनं वर कप्पी बांधली आणि बुंध्याशी पट्ट्यानं तिचं ॲल्युमिनियमचं नळकांडं आवळलं. दूधवाल्याच्या कॅनसारखं दिसतं, म्हणून मी त्याला कॅनच म्हणतो. दोराचे वेढे त्या कॅनवर घ्यायचे. जितके वेढे जास्त, तितकी पकड जास्त.

"दोन वेढे घ्या," ती म्हणाली. "आन करकचून धरू नका. लाकूड सुटलं की जरा पळू द्या, मंग हळूहळू दाबा. एकदम थांबवलं तर समदा हिसका झाडाला बसतो. आन झाडावर मी आसते."

द्वारकेच्या हातात दुसरा दोर दिला, उतरलेला ओंडका कौलांवरून अंगणात ओढून घ्यायचा.

मोनाली शेंड्याला पोचली. मेलेल्या, वाकलेल्या झाडावर तिचं लाल हेल्मेट एवढंसं दिसत होतं. बापाचा जीव, दुसरं काय! मी गुपचूप आणखी दोन वेढे टाकले आणि दोर आवळून धरला.

करवतीचा आवाज थांबला, ओंडका सुटला आणि दोन हात खाली येऊन खिळा ठोकल्यासारखा जागीच थांबला. सगळं झाड हललं. मोनाली खोडावर छातीनं आपटली. कमरेला पट्टा होता म्हणून वाचली.

"आबा! वेढे किती?"

"दोन," मी म्हणालो.

द्वारका माझ्यापासून पाच हातांवर उभी होती. तिनं कॅनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आवो, तिला खरं सांगा. तुमच्या बोलण्यावर ती पुढचं लाकूड कापणार हाय."

मी मान वर करून ओरडलो, "चार घेतले व्हते, मोना! चुकलो."

तिनं आधी पट्टा पुन्हा आवळला. मग म्हणाली, "जास्त घेतले त्याचं कायी नाय. खोटं बोललात. परत आसं झालं तर माय दोरावर यील."

मला असा संताप आला की दोर टाकून चालू लागावं. तीस वर्षं या धंद्यात घालवली, आणि कालची पोर मला दम देते! पण ती बरोबर होती आणि मी चुकलो होतो. खरा राग त्याचाच होता. मी निमूटपणे दोन वेढे काढले.

त्यानंतर प्रत्येक ओंडक्याला तिनं एकच केलं. करवत बंद ठेवून बाहेर वाकायची, कॅनवरचे वेढे मोजायची, मगच कापायची. असं पाच वेळा. ते पाहणं मला काट्यासारखं टोचत होतं, आणि मी ते मुकाट सोसलं.

दोर मात्र शिकलो. लाकूड सुटलं की दोर पळतो, हातमोजा गरम होतो, मग तळवा आपोआप दाबू लागतो आणि ओंडका निजल्या लेकरासारखा उतरतो. वर असताना मला एकदाही हिसका बसला नव्हता, तो माझ्या हुशारीमुळं नव्हे, हे तेव्हा कळलं.

"द्वारके, तुला लई येत व्हतं गं," मी म्हणालो.

"आत्ता कळलं व्हय?" ती म्हणाली, पण खुशीत होती.

शेवटचा ओंडका सगळ्यांत जाड, दीड क्विंटलचा तरी असेल. मोनालीनं कप्पी खाली सरकवून घेतली होती. तिथून कौलांपर्यंत जेमतेम दोन पुरुष उंची. पळू द्यायला जागा कमी, आणि न पळू द्यावं तर हिसका. मी दोर हातात तोलून पाहिला.

"मोना, ह्यो जड हाय. दोनात आवरायचा नाय. तीन घेऊ का?"

ती म्हणाली, "घ्या तीन. मीबी तेच म्हणणार व्हते."

मी तिसरा वेढा टाकला. ओंडका सुटला. मी दोर जाऊ दिला. कौलं जवळ आली, सरिताताईंनी डोळे झाकले, माझं सगळं अंग म्हणत होतं धर, धर. मी धरला नाही, दाबत गेलो. ओंडका कौलांच्या वर वीतभर अंतरावर झुलत थांबला. झाड हललं नाही. द्वारकेनं तो अंगणात ओढून घेतला.

सरिताताई टाळ्या वाजवत होत्या, शेजारीपाजारी गच्चीवरून वाहवा करत होते. मला त्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं. छाती अभिमानानं भरून आली होती, लेकीच्या आणि पहिल्यांदाच दोरवाल्या माझ्याही. कारण तिसरा वेढा टाकून मी वर पाहिलं होतं, ती वाकून मोजेल म्हणून वाट बघत. ती वाकली नाही. खाली न बघताच तिनं करवत लावली होती.